एन्क्रिप्शनचा कोड खुला ठेवणे म्हणजे विनापरवाना निर्यात करणे होय का?

वाचकाचे पत्र : मी गेली तीन वर्षे एक छोटे ओपन सोर्स साधन लिहीत आहे. वापरकर्त्याच्याच यंत्रावर फाइल एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून, ती दुसऱ्याला पाठवणे, एवढेच त्याचे काम आहे. त्यात एईएस-२५६ आणि कर्व्ह२५५१९ हे प्रचलित अल्गोरिदम आहेत, आणि दोन्ही एका प्रसिद्ध ओपन सोर्स लायब्ररीतून घेतलेले आहेत. मी अमेरिकेचा नागरिक नाही आणि तेथे राहतही नाही, पण माझी रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, एका अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर आहे. इतर प्रकल्पांच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) ‘५डी००२’ असा क्रमांक आणि अमेरिकी सरकारला ईमेल पाठवल्याची नोंद दिसते. मी असा ईमेल कधीच पाठवलेला नाही. मागच्या महिन्यात एका वापरकर्त्याने साधनातील त्रुटी दाखवणारा इश्यू (रेपॉझिटरीतील जाहीर तक्रार) नोंदवला आणि त्यात आपण इराणमधून लिहीत असल्याचे सांगितले. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्यातच एका कंपनीने विचारले आहे की, मी त्यांच्यासाठी या साधनाची वेगळी, खासगी आवृत्ती पैसे घेऊन करून देईन का. तिच्यात त्यांना त्यांचा स्वतःचा, कोठेही प्रसिद्ध न केलेला अल्गोरिदम हवा आहे. माझ्याकडून आधीच गुन्हा घडला आहे का? प्रकल्प काढून टाकावा का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घाईने काही करून बसाल अशी मला काळजी वाटते. प्रकल्प काढून टाकू नका, आणि रेपॉझिटरी खासगी तर मुळीच करू नका. तुम्ही वर्णन केलेला कोड आज अमेरिकी निर्यात नियमांच्या बाहेर आहे, आणि तो बाहेर असण्याचे मुख्य कारण तो सर्वांसाठी खुला आहे हेच आहे. भीतीपोटी तो बंद केलात आणि पुढचे काम बंद दाराआड करू लागलात, तर आज तुम्हाला लागू नसलेले नियम त्या नव्या कामाला लागू होऊ शकतील.

तुम्ही अमेरिकेत राहत नसताना अमेरिकी नियमांचा संबंध का यावा, हा प्रश्न रास्त आहे. त्या देशाचे निर्यात प्रशासन नियम माणसापेक्षा वस्तूच्या मागे जातात. तुम्ही कोड अमेरिकेतील सर्व्हरवर चढवलात आणि तिसऱ्या देशातील कोणी तो उतरवून घेतला, की कागदोपत्री ती अमेरिकेतून झालेली निर्यात ठरू शकते. हे नियम वाणिज्य खात्याचा उद्योग आणि सुरक्षा विभाग, म्हणजे बीआयएस, राबवतो. नियंत्रित वस्तूंच्या यादीतील पाचव्या श्रेणीचा दुसरा भाग ‘माहिती सुरक्षा’ या नावाचा आहे, आणि तुम्ही पाहिलेला ५डी००२ हा त्यातील सॉफ्टवेअरचा क्रमांक आहे. सममित (बंद करायला आणि उघडायला एकच किल्ली वापरणाऱ्या) अल्गोरिदमची किल्ली ५६ बिटांपेक्षा मोठी असेल, आरएसएसारख्या पद्धतीत ५१२ बिटांपेक्षा किंवा लंबवर्तुळी वक्रांच्या पद्धतीत ११२ बिटांपेक्षा मोठी असेल, आणि तिचा उपयोग माहिती गोपनीय ठेवण्यासाठी होत असेल, तर ते सॉफ्टवेअर या क्रमांकाखाली येऊ शकते. तुमचे साधन या मर्यादा सहज ओलांडते. केवळ डिजिटल स्वाक्षरी किंवा ओळख पटवणे यांसाठी केलेले कूटलेखन (क्रिप्टोग्राफी) मात्र या नियंत्रणात धरले जात नाही.

आता ईमेलचा प्रश्न. रीडमीमधील त्या नोंदी खोट्या नाहीत; त्या जुन्या आहेत. एके काळी एन्क्रिप्शनचा सोर्स कोड इंटरनेटवर ठेवताना त्याचा पत्ता बीआयएस आणि अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था या दोघांना ईमेलने कळवणे बंधनकारक होते. परवानगी मागावी लागत नसे, उत्तराची वाटही पाहावी लागत नसे, पण कळवावे लागे. २९ मार्च २०२१ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीने प्रमाणित कूटलेखन वापरणाऱ्या सार्वजनिक सोर्स कोडसाठीची ही अट काढून टाकली. ती आता फक्त ‘अप्रमाणित कूटलेखना’पुरती उरली आहे. अप्रमाणित म्हणजे मालकी हक्काचे किंवा अप्रकाशित असे कूटलेखन, ज्यातील अल्गोरिदम किंवा प्रोटोकॉल आयईटीएफ, आयएसओ, आयईईई यांसारख्या मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने स्वीकारलेला नाही आणि जो अन्यथा प्रसिद्धही झालेला नाही. एईएस आणि कर्व्ह२५५१९ या दोन्हींची मानके अस्तित्वात आहेत आणि त्यांचे तपशील कोणालाही वाचता येतात. म्हणून आज तुम्हाला ईमेल पाठवावा लागत नाही. तरीही मनात शंका उरत असेल, तर आजच्या तारखेने कोडचा पत्ता कळवणारा दोन ओळींचा ईमेल त्या दोन्ही ठिकाणी पाठवून त्याची प्रत जपून ठेवण्यास कोणतीही आडकाठी नाही. त्यासाठी शुल्क नाही आणि माझ्या मते त्यात धोकाही नाही.

दुसऱ्या प्रकल्पाच्या रीडमीतील मजकूर उचलून आपल्या रीडमीत चिकटवू नका. त्यातील बराचसा मजकूर ‘टीएसयू’ नावाच्या परवाना-सवलतीचा उल्लेख करतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक एन्क्रिप्शन कोडची तरतूद त्या सवलतीत राहिलेली नाही. ती वेगळ्या कलमात गेली आहे, आणि त्या कलमानुसार असा कोड नियमांच्या कक्षेतच येत नाही. ‘सवलत मिळाली आहे’ आणि ‘नियम लागूच नाही’ या दोन विधानांत मोठा फरक आहे, कारण सवलतीला देशांच्या आणि वापरकर्त्यांच्या अटी चिकटलेल्या असतात. तुमच्या रीडमीत कोणते अल्गोरिदम आहेत, ते कोणत्या लायब्ररीतून घेतले आहेत आणि संपूर्ण सोर्स कोड कोणत्या पत्त्यावर खुला आहे, एवढे साध्या शब्दांत लिहा. ते खरे असेल आणि वाचणाऱ्याला उपयोगीही पडेल.

या साऱ्याचा आधार असलेली ‘सार्वजनिक’ ही कल्पना मात्र नीट समजून घ्या, कारण कंपनीच्या प्रस्तावाचा प्रश्न तिच्यावरच अवलंबून आहे. नियमाच्या भाषेत, पुढे वाटण्यावर कोणतेही बंधन न घालता जनतेला उपलब्ध करून दिलेले सॉफ्टवेअर म्हणजे प्रकाशित सॉफ्टवेअर. येथे दोन गैरसमज होतात. पहिला असा की, कोड सार्वजनिक ठरण्यासाठी त्याच्यावरील प्रताधिकार सोडून द्यावा लागतो. तसे नाही. जीपीएल, एमआयटी, अपाची यांपैकी कोणतेही लायसन्स असले तरी कोड सार्वजनिकच राहतो. इतकेच नव्हे, तर त्या कोडपासून बनवलेल्या उत्पादनाच्या व्यापारी विक्रीसाठी शुल्क किंवा स्वामित्वधन देण्याचा करार असला, तरीही तो सोर्स कोड सार्वजनिकच मानला जाईल, असे अमेरिकी कलमात स्पष्ट लिहिले आहे. दुसरा गैरसमज असा की, फुकट दिले म्हणजे सार्वजनिक झाले. एन्क्रिप्शनच्या बाबतीत हा समज धोक्याचा आहे. तुम्ही बनवलेली बायनरी (सोर्स कोडपासून तयार केलेला, थेट चालवता येणारा प्रोग्राम) नियमांच्या बाहेर राहते ती तिच्याशी जुळणारा सोर्स कोड खुला आहे म्हणून. सोर्स दडवून केवळ बायनरी फुकट वाटणाऱ्याला वर्गीकरणाचा वेगळा विचार करावा लागतो. म्हणून प्रत्येक रिलीजची बायनरी नेमक्या कोणत्या कमिटवरून (कोडच्या नोंदलेल्या स्थितीवरून) तयार झाली, हे टॅग लावून ठेवण्याची सवय लावून घ्या. पुढे कोणी विचारले, तर ती तारखेसह असलेली नोंद कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ही मोकळीक आपोआप मिळालेली नाही, आणि तिची किंमत तुमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना कळावी असे मला मनापासून वाटते. १९९६ पर्यंत अमेरिकेत सक्षम एन्क्रिप्शन युद्धसामग्रीच्या यादीत होते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे एन्क्रिप्शनचे साधन प्रसिद्ध केले आणि ते देशाबाहेर पोहोचले, म्हणून त्यांच्यामागे काही वर्षे फौजदारी चौकशी लागली. जानेवारी १९९६ मध्ये ती कोणताही आरोप न ठेवता थांबवण्यात आली. त्याच काळात पीजीपीचा सोर्स कोड पुस्तकरूपाने छापण्यात आला, कारण छापील पुस्तक देशाबाहेर नेता येत होते आणि तोच मजकूर फ्लॉपीवर नेता येत नव्हता. परदेशातील स्वयंसेवकांनी पुढच्या आवृत्तीची अशी छापील पाने स्कॅन करून कोड पुन्हा उभा केला. सामान्य माणसांनाही या नियमांची झळ बसत होती : परदेशी वापरकर्त्यांना मिळणारा नेटस्केप ब्राउझर ४० बिटांच्या दुबळ्या किल्लीवर अडवलेला होता. नोव्हेंबर १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने नागरी वापराचे एन्क्रिप्शन वाणिज्य खात्याकडे आले. गणितज्ञ डॅनियल बर्नस्टीन यांच्या खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयातील पीठाने मे १९९९ मध्ये सोर्स कोड ही अभिव्यक्ती असल्याचे म्हटले. तो निकाल फेरसुनावणीसाठी मागे घेतला गेला, पण एप्रिल २००० मध्ये सहाव्या परिमंडळाच्या न्यायालयाने पीटर युंगर यांच्या खटल्यात सोर्स कोडला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण असल्याचे मान्य केले. या दोन निकालांच्या मधल्या काळात, जानेवारी २००० मध्ये, सरकारने सार्वजनिक सोर्स कोडसाठी नियम सैल केले. ज्या बर्नस्टीन यांनी हा खटला लढवला, त्यांनीच पुढे कर्व्ह२५५१९ रचला. तुमच्या साधनात तो आहे.

आता कंपनीच्या प्रस्तावाकडे वळू. माझ्या मते तुमच्या पत्रातील खरा धोका येथे आहे. त्यांची मागणी दुहेरी आहे आणि तिचे दोन्ही भाग तुम्हाला आजच्या सुरक्षित जागेवरून हलवतात. खासगी आवृत्ती म्हणजे प्रकाशित नसलेला कोड. मूळ साधन ओपन सोर्स आहे म्हणून त्यावरून बनवलेले बंद उत्पादन आपोआप मोकळे ठरत नाही; त्याचे वर्गीकरण स्वतंत्रपणे करावे लागते. अशा बंद उत्पादनांसाठी ‘ईएनसी’ नावाची परवाना-सवलत आहे. तिच्यात पुष्कळ साध्या उत्पादनांचे वर्गीकरण स्वतःच करता येते आणि काही प्रकारांत मागील वर्षाचा अहवाल १ फेब्रुवारीपर्यंत सादर करावा लागतो. पण ज्यात अप्रमाणित कूटलेखन आहे, त्याला हा सोपा मार्ग नाही. त्यासाठी बीआयएसकडे वर्गीकरणाचा अर्ज करून ३० दिवस थांबावे लागते, आणि अल्गोरिदमचे तपशील सरकारला द्यावे लागतात. शिवाय अमेरिकेतील सर्व्हरवरील खासगी रेपॉझिटरीत वेगवेगळ्या देशांतील माणसांना प्रवेश दिला, तर तो प्रत्येक प्रवेश निर्यात म्हणून तपासावा लागू शकतो. अमेरिकेत बसलेल्या परदेशी नागरिकाला अप्रकाशित सोर्स कोड दाखवणे हीदेखील ‘मानीव निर्यात’ ठरते. खुल्या रेपॉझिटरीत यांपैकी कोणताही प्रश्न उद्भवत नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी तो अप्रकाशित अल्गोरिदम वापरू नये असे मी म्हणेन. किल्ली सोडून सारे काही शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच पद्धत रचावी, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले, आणि आज विश्वासार्ह मानले जाणारे अल्गोरिदम त्याच वाटेने आले आहेत. एईएसची निवड १९९७ मध्ये सुरू झालेल्या खुल्या स्पर्धेतून झाली आणि २००१ मध्ये ते मानक झाले. क्वांटम संगणकांना तोंड देण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेली नवी मानकेही अशीच जगभरातील संशोधकांच्या चाचणीतून तावूनसुलाखून निघाली आहेत. ज्या अल्गोरिदमवर त्याच्या कर्त्याशिवाय कोणी हल्ला करून पाहिलेला नाही, त्यावर लोकांच्या फायली सोपवणे योग्य नाही.

म्हणून कंपनीला नकार देण्याआधी प्रतिप्रस्ताव द्या. त्यांना हवी असलेली वैशिष्ट्ये तुम्ही मूळ, खुल्या रेपॉझिटरीत प्रमाणित अल्गोरिदम वापरून लिहाल आणि कंपनी त्या कामाचे पैसे देईल, असे सुचवा. लायसन्सच्या अटी त्यांना अडचणीच्या असतील, तर दुहेरी लायसन्सचा मार्ग आहे : कोड सर्वांना खुला, आणि बंद उत्पादनात वापरायचा असेल त्यांच्यासाठी सशुल्क करार. त्या बंद उत्पादनाचे वर्गीकरण, अर्ज आणि अहवाल ही कंपनीची जबाबदारी राहील हे करारात लेखी असू द्या. तरीही त्यांनी अप्रकाशित अल्गोरिदमचाच आग्रह धरला, तर निर्यात नियमांचा अनुभव असलेल्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय एक ओळही लिहू नका, आणि त्या सल्ल्याचे शुल्क कंपनीने द्यावे अशी अट घाला.

तुम्ही राहता त्या देशाचा कायदा तुम्हाला लागू आहेच, त्यामुळे त्याचाही उल्लेख करतो. बहुतेक देशांचे असे नियम शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या (नागरी व लष्करी) वस्तूंच्या निर्यातीविषयीच्या वासेनार करारातील याद्यांवर बेतलेले आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत ४२ देश आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये सामील झालेला भारत हा त्यांतील बेचाळिसावा, आणि त्याच्या स्कोमेट या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीतील आठवी श्रेणी याच याद्यांवर आधारलेली आहे. वासेनारच्या याद्यांतील सॉफ्टवेअरविषयक सर्वसाधारण टीप ‘सार्वजनिक क्षेत्रातील’ (पब्लिक डोमेन), म्हणजे पुढे वाटण्यावर बंधन न घालता सर्वांना खुले असलेले, सॉफ्टवेअर नियंत्रणातून वगळते, आणि केवळ प्रताधिकाराच्या अटी आहेत म्हणून सॉफ्टवेअर त्या क्षेत्राबाहेर जात नाही असेही सांगते. युरोपीय संघाच्या २०२१ च्या दुहेरी-वापर विनियमातही हीच तरतूद आहे. तरी प्रत्येक देश या याद्या स्वतःच्या कायद्यातून राबवतो, त्यामुळे आपल्या देशाच्या अधिकृत यादीत ही टीप प्रत्यक्ष वाचून खात्री करून घ्या. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये.

आता राहिला तो इराणमधून आलेला इश्यू. येथे दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले जातात. निर्यात नियंत्रण वस्तूंविषयी आहे. आर्थिक निर्बंध देश, संस्था आणि व्यक्तींशी होणाऱ्या व्यवहारांविषयी आहेत, आणि अमेरिकेत ते वित्त खात्याचे ओएफएसी हे कार्यालय राबवते. पहिल्या कायद्यापुरते बोलायचे तर सार्वजनिक सोर्स कोड नियमांच्या बाहेर असल्यामुळे तो कोणत्या देशातील कोणी उतरवून घेतला याची चौकशी तुम्हाला करायची नाही; जुन्या सवलतीतही, कोणालाही घेता येईल असा कोड इंटरनेटवर ठेवणे म्हणजे निषिद्ध निर्यातीची जाणीव असणे नव्हे, असे नमूद होते. म्हणून आयपी पत्ते पाहून वापरकर्त्यांना अडवण्याची किंवा योगदान देणाऱ्यांचे नागरिकत्व विचारण्याची यंत्रणा या कायद्यासाठी उभारू नका.

दुसऱ्या कायद्यात जास्त सावधगिरी हवी. अमेरिकी नागरिक नसल्याने तुमच्यावर तो सरसकट लागू होत नसला, तरी तुमची रेपॉझिटरी सांभाळणारी कंपनी आणि देणग्या स्वीकारणारी सेवा त्याला बांधलेल्या असतील. जुलै २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने इराण, सीरिया आणि क्रिमियातील खात्यांवर मर्यादा घातल्या होत्या; जानेवारी २०२१ मध्ये ओएफएसीकडून परवाना मिळाल्यावर इराणमधील विकसकांना सेवा पुन्हा पूर्ववत मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ओएफएसीने इराणमधील सामान्य लोकांना इंटरनेटवरील संपर्कसाधने मिळावीत म्हणून ‘डी-२’ हा सर्वसाधारण परवाना जारी केला. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही घाबरला आहात, त्या सामान्य वापरकर्त्याला सुरक्षित साधने मिळू नयेत असा या नियमांचाही हेतू नाही. याउलट ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नल या ओपन सोर्स प्रकल्पाच्या मेंटेनरांच्या (देखभाल करणाऱ्यांच्या) यादीतून काही रशियन नावे कायदेशीर पूर्ततेचे कारण देऊन काढली गेली. प्रकल्पातील पद किंवा थेट सहकार्य असे संबंध आणि केवळ खुला कोड यांत कायदा भेद करतो, हे त्यावरून लक्षात घ्या.

त्या वापरकर्त्याशी वागताना सारे काही उघड्यावर ठेवा. त्याला खासगी ईमेलने वेगळी बायनरी पाठवू नका, त्याच्याकडून देणगी किंवा शुल्क घेऊ नका, आणि तो एखाद्या सरकारी किंवा लष्करी संस्थेसाठी काम करत असल्याचे त्याच्याच लिहिण्यातून दिसले, तर संवाद थांबवून सल्ला घ्या. तसे काही तुमच्या पत्रात दिसत नाही. त्याने एक त्रुटी दाखवली आहे, आणि ती खरी असेल तर ती तुमच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या फायलींना बाधक आहे. इश्यूवर सर्वांना दिसेल असे उत्तर लिहा, त्रुटी पडताळून पाहा, दुरुस्ती मुख्य शाखेत घाला आणि पुढच्या रिलीजच्या टिपणीत ती नोंदवा. त्याला महिनाभर उत्तर मिळालेले नाही. तेवढे आज करा.